खाटेला बोल्ट मारला की गुन्हा!

मिरजेत आमच्या मामूंच्या वर्कशॉपच्या आवारात गेले आठ महिने एक ट्रक उभा आहे. १४ फुटी, बंद बॉडीचा. बाहेरून बघाल तर औषधांचे खोके किंवा कुरिअर वाहणारी कुठलीही गाडी वाटेल. मागचं दार उघडलं की आत घर आहे. पुढच्या भिंतीला ओटा, सिंक, दोन माणसांचं टेबल. मागच्या अर्ध्या भागात दोन मोटारसायकली शेजारी शेजारी बांधायची सोय, आणि त्यांच्या डोक्यावर साखळी-कप्पीने वर-खाली होणारा पलंग. गाड्या आत असल्या की पलंग वर. गाड्या उतरवल्या की पलंग खाली, आणि तीच जागा बैठकीची खोली.

हा ट्रक रस्त्यावर येऊ शकत नाही. त्यात काही मोडलेलं नाही. तो नीट बनवला आहे, हाच त्याचा गुन्हा. ही गोष्ट सांगायचीच आहे, पण त्याआधी ज्या शब्दाचा मला राग आहे तो सांगून टाकतो. तो शब्द म्हणजे 'जुगाड'.

पुण्याचे एक गृहस्थ गाडी घेऊन आले तेव्हा पहिल्याच वाक्यात तो शब्द होता. "चाचा, तुमच्याकडे मस्त जुगाड होतो असं ऐकलंय." जुना ट्रक त्यांनी एका वाहतूकदाराकडून घेतला होता. नवराबायको दोघंही मोटारसायकलवाले. स्पिती आणि लडाखपर्यंत ट्रकने जायचं, तिथे गाड्या उतरवायच्या, दिवसभर फिरायचं, रात्री ट्रकमध्ये झोपायचं, अशी कल्पना. अमेरिकेत अशा गाड्यांना 'टॉय हॉलर' म्हणतात. तिकडे लोक जुने डिलिव्हरी ट्रक घेऊन घरच्या घरी ही कामं करतात, त्याचे व्हिडिओ त्यांनी मोबाइलवर दाखवले. मामूंनी ते दोनदा पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "पानी का टँक किधर रखे?"

गृहस्थांना वाटलं, म्हाताऱ्याला नळाची काळजी आहे. मामूंना काळजी वजनाची होती.

लोखंडाचा हिशेब

हा हिशेब मी जवळून पाहिला, म्हणून लिहितो. ज्यांना हे काम 'ठोकाठोकी' वाटतं त्यांनी जरा थांबून वाचावं.

मोटारसायकली मागच्या दारातून चढणार, म्हणजे मागेच उभ्या राहणार. एकेक गाडी २०० किलोच्या आसपास. म्हणजे ४०० किलो वजन मागच्या धुऱ्याच्या पलीकडे. दोन चाकांमधलं अंतर ११ फूट आणि हे वजन मागच्या धुऱ्याच्या तीन फूट पलीकडे धरलं, तर पुढच्या चाकांवरचा भार शंभरेक किलोंनी हलका होतो. स्टिअरिंग हलकं लागायला लागतं, घाटातल्या वळणावर पुढची चाकं रस्ता नीट धरत नाहीत. तोल साधायला २०० लिटरची पाण्याची टाकी केबिनच्या लगेच मागे ठेवायची, हा सोपा उपाय. पण पाणी तर वापरलं जाणार! चौथ्या दिवशी टाकी रिकामी झाली की पुढचं वजन गेलं, मागचं तिथेच. म्हणून मामूंनी हिशेब टाकी रिकामी धरून केला. बॅटऱ्या, ओटा, सामानाचं कपाट असं जे जे संपत नाही ते पुढे घेतलं, आणि गाड्यांची जागा जितकी पुढे सरकवता येईल तितकी सरकवली. मग ट्रक साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नेला. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, मग पूर्ण गाडी. तीन पावत्या घेतल्या. त्या अजून त्यांच्या डायरीत आहेत.

रॅम्पचंही तसंच. ट्रकची फळी जमिनीपासून तीन फूट उंच. गृहस्थांना सात फुटी रॅम्प हवा होता, कारण तो आत सहज मावला असता. सात फुटांवर तीन फूट चढ म्हणजे २५ अंशांचा कोन. पावसात ओल्या टायरने २०० किलोची गाडी एकट्याने चढवून बघा! मामूंनी दहा फुटी, मधोमध दुमडणारा रॅम्प केला. कोन १८ अंशांच्या आत आला. शेजारी माणसाला चालत चढायला वेगळी पट्टी ठेवली, कारण गाडी ढकलणाऱ्याचे पायही कुठेतरी टेकले पाहिजेत.

बॉडीत खिडक्या कापताना उभे पाईप तोडले नाहीत, दोन पाईपांच्या मध्येच कापलं. चॅसीच्या पट्टीवर वेल्डिंगचा एक टाका मारला नाही. आतली नवी फ्रेम यू-बोल्टने आवळली आणि मध्ये रबर घातलं, कारण चॅसी रस्त्यावर पिळवटते आणि वेल्डिंग केलेली जागा पुढे तडकते. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या तारा काढल्या. मोटारसायकलींचा भाग आणि स्वयंपाकाचा भाग यांच्यामध्ये पत्र्याची बंद भिंत घातली. पेट्रोलची वाफ आणि सिलिंडरचा गॅस दोन्ही हवेपेक्षा जड, ते खाली साचतात. म्हणून दोन्ही भागांत जमिनीलगत झरोके ठेवले. सिलिंडरचं कपाट आतून बंद आणि बाहेरून उघडणारं केलं. पलंगाच्या बाजूला एक खिडकी अशी केली की कडी ओढली तर पूर्ण निखळते, आणि मोठा माणूस तिच्यातून बाहेर पडू शकतो.

ही शेवटची खिडकी गृहस्थांनी मागितली नव्हती. तिचे पैसे द्यायलाही ते कुरकुरले.

मामू सातवीपर्यंत शिकलेले आहेत. धुऱ्यावरच्या भाराचं सूत्र त्यांना लिहून दाखवता येणार नाही. पण वजन कुठे जातं ते त्यांना कळतं, आणि कळतं तेवढ्यावर न थांबता ते काट्यावर जाऊन खात्री करतात. याला जुगाड म्हणतात का? जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. तुटलेल्या आरशाला सुतळी बांधली, तो जुगाड. टाकी रिकामी झाल्यावर काय होईल याचा आधी विचार करणं, याला अभियांत्रिकी म्हणतात. ते काम पदवीधराने केलं की 'डिझाइन' होतं, आणि चाचाने केलं की 'जुगाड' होतं. माझा पहिला आक्षेप इथेच आहे.

कायदा काय म्हणतो

काम झालं. गाडी पासिंगला नेली. टेबलापलीकडचे साहेब सभ्य होते, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी आत पाहिलं, खिडकी ओढून पाहिली, कौतुकही केलं. मग म्हणाले, "आरसीवर मालवाहू आहे. हे घर आहे. माझ्याच्याने होणार नाही."

ते चुकीचं बोलत नव्हते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चं सार असं, की उत्पादकाने मुळात जे तपशील दिले त्यापेक्षा आरसीतले तपशील वेगळे ठरतील असा बदल मालकाने करू नये. केरळमधल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला आणि उत्पादकाच्या मूळ रचनेबाहेरचे बदल नोंदवता येणार नाहीत असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

याचा अर्थ कायद्याला कॅम्पर माहीत नाही असा नाही. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा वाहनप्रकार सरकारी वर्गीकरणात आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. ट्रकच्या बॉडीसाठी एआयएस-०९३ आहे, बसच्या बॉडीसाठी एआयएस-०५२ आहे, रुग्णवाहिकेसाठी एआयएस-१२५ आहे. तपासणाऱ्या संस्था तर आपल्या महाराष्ट्राच्या अंगणात आहेत. पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी, नगरची व्हीआरडीई. मग अडचण काय?

अडचण अशी, की ही व्यवस्था नमुन्याला मंजुरी देते. एक नमुना बनवायचा, त्याचे आराखडे आणि चाचण्या मंजूर करून घ्यायच्या, मग तशाच्या तशा अनेक गाड्या विकायच्या. कंपनीला हे परवडतं, कारण तो खर्च शंभर गाड्यांवर पसरतो. ज्याच्याकडे वर्षात अशी एक गाडी येते, तीही जुनी आणि प्रत्येक वेळी वेगळी, त्याने तो खर्च कोणाच्या डोक्यावर टाकायचा? दार आहे, पण ते कारखान्याच्या मापाचं आहे. वर्कशॉपच्या मापाचं दार कोणी बसवलेलंच नाही.

जगात ते बसवलेलं आहे. जर्मनीत टीयूव्हीसारख्या संस्थेचा अभियंता एकेक गाडी तपासतो, आणि मान्य झाली की कागदावर 'वोनमोबिल' अशी नोंद होते. गाडी तुमच्या काकांनी अंगणात बनवली की कंपनीने, हा प्रश्न नाही. ब्रिटनमध्ये व्हॅनचं कॅम्पर केलं तर डीव्हीएलए हे नोंदणी खातं आत काय आहे ते बघतं. पलंग आहे का, शेगडी आहे का, वेगळं दार आहे का. त्यांचं समाधान झालं नाही तर कागदावर गाडी 'खिडक्यांची व्हॅन' राहते, पण रस्त्यावरून हद्दपार होत नाही. तिथे माणसं जळून मरावीत असं कोणाला वाटतं का? त्यांनी फक्त एवढंच ठरवलं, की गाडी बघून निर्णय घ्यायचा, बनवणाऱ्याचं आडनाव किंवा कारखान्याचं गेट बघून नाही.

आणि परदेशात तरी कशाला जायचं? आपल्याकडेच सीएनजीचं उदाहरण आहे. पेट्रोलच्या गाडीत गॅसची टाकी बसवणं हा किती मोठा बदल! तरी तो कायदेशीर आहे. मंजूर किट, अधिकृत बसवणारा, तपासणी, आरसीवर नोंद. असा रस्ता आखला म्हणून गल्लोगल्लीची गॅरेजं त्या कामात शिस्तीने उतरली. दाबाखालचा वायू डिकीत बसवायची वाट सरकारला आखता येते, तर पलंग आणि ओटा बसवायची का येत नाही?

सुरक्षितता? चला, त्यावरच बोलू

"नियम लोकांच्या जिवासाठी असतात," असं मला लगेच ऐकवलं जाईल. मान्य. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. गाडीत झोपलेल्या माणसाला बाहेर पडायला वाट नसेल तर काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. बॉडी बनवणाऱ्यावर अंकुश हवाच. मामूंची ती न मागितलेली खिडकी त्याच भीतीतून आली आहे.

पण आजचा नियम त्या खिडकीचं काय करतो ते बघा. पासिंग नाकारलं गेल्यावर एका एजंटाने आम्हाला तोडगा सांगितला. "चाचा, बोल्ट काढा. पलंग सुटा ठेवा, ओटा सुटा ठेवा, सिलिंडर सुटा ठेवा. मग तो माल आहे. मालाच्या गाडीत माल न्यायला कोण अडवतंय? खिडकीवर पत्रा मारून टाका, बॉडी पहिल्यासारखी दिसली पाहिजे."

समजलं ना? खाट बोल्टने आवळली तर बेकायदा बदल. तीच खाट सुटी ठेवली तर माल. सिलिंडर झरोक्याच्या कपाटात पक्का बसवला तर गुन्हा. तोच सिलिंडर कोपऱ्यात सुटा लोळत राहिला तर सामान. आगीतून बाहेर पडायची खिडकी हा गुन्हा, आणि तिच्यावर मारलेला पत्रा म्हणजे कायद्याचं पालन. जीव वाचवायला आखलेला नियम माणसाला जीव धोक्यात घालायची वाट दाखवत असेल, तर त्याची बाजू 'सुरक्षितता' म्हणून कशी घ्यायची?

आणि ही वाट लोक चालतात. मालवाहू गाडीत गाद्या टाकून, मोटारसायकली दोरीने बांधून, शेजारी शेगडी पेटवून लोक हिमालयात जातात. त्यांना कोणी अडवत नाही. अडकतो तो, जो पासिंगच्या रांगेत प्रामाणिकपणे उभा राहतो.

गृहस्थांनाही एजंटाचा तोडगा पसंत पडला. "काढून टाका बोल्ट, मी बघतो पुढचं," असं त्यांनी फोनवर सांगितलं. मामू नाही म्हणाले. दोन गाड्या, पेट्रोलने भरलेल्या, आणि त्यांच्यावर सुटी खाट, त्यावर नवराबायको झोपलेली, खिडकीला पत्रा. "ऐसी गाडी मेरे दरवाजे से बाहर नै जाती," एवढंच ते बोलले. तेव्हापासून उरलेले पैसे आले नाहीत. मजुरी आणि माल मिळून निम्म्याहून जास्त रक्कम त्या आवारात उभी आहे. घरात रोज त्यावरून बोलणं होतं. मामूंचा मुलगा उत्तम वेल्डर आहे, तो आता आखातातल्या नोकरीचे कागद जमवतोय. त्याचं म्हणणं, "तिकडे निदान वेल्डरला वेल्डर म्हणतात."

पंक्चरवाले

त्याच्या या वाक्याला एक संदर्भ आहे, तो बिगरमुस्लिम वाचकांनी समजून घ्यावा. 'पंक्चरवाला' ही शिवी आमच्या मुलांनी शाळेपासून ऐकलेली असते. समाजमाध्यमांवर ती रोजची आहे, मोठ्या व्यासपीठांवरही आता तिला कोणी लाजत नाही. पंक्चर काढणं हे कष्टाचं काम आहे, त्यात लाज कसली? पण शिवी देणाऱ्याला कामाबद्दल बोलायचं नसतं. तुमची लायकी एवढीच, हे त्याला सांगायचं असतं. गंमत अशी, की मध्यरात्री घाटात गाडी बंद पडली की हाच माणूस फोनवर 'भाई' म्हणतो.

आमची आडनावं वाचा. शिकलगार, नालबंद, पिंजारी, तांबोळी, मोमीन. प्रत्येक आडनावात एक धंदा आहे, आणि धंदा बदलला तेव्हा हातांनी नवं काम शिकल्याचा इतिहास आहे. मिरजेला तर हे सांगायची गरजच नाही. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातल्या फरीदसाहेबांनी १९ व्या शतकात पंढरपूर भागातला भोपळा घेऊन तंबोरे आणि सतारी घडवल्या. शस्त्रं करणारे हात वाद्यं करू लागले. आज देशभरातले गवई मिरजेचा तंबोरा मागवतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. फरीदसाहेबांनी जे केलं त्यालाही त्या काळात कोणीतरी जुगाड म्हटलं असतं, तर आज काय राहिलं असतं?

म्हणजे सरकारला हुनर ओळखता येतो. फक्त तो जुना, सुंदर आणि निरुपद्रवी झाल्यावर. आजचा, तेलकट, गॅरेजमधला हुनर त्याला दिसत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. १८ व्यवसाय तिच्यात आहेत. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी, न्हावी, होड्या बनवणारे, कुलपं बनवणारे, अगदी चिलखत आणि शस्त्रं बनवणारेही. योजना चांगली आहे. पण त्या १८ मध्ये मेकॅनिक नाही, वेल्डर नाही, डेंटर-पेंटर नाही, ट्रकची बॉडी बांधणारा नाही. चिलखत बनवणाऱ्याला ओळखपत्र मिळतं. ज्याने बांधलेल्या बॉडीत तुमचा कांदा, साखर आणि औषधं रोज गावोगाव जातात, त्याला नाही.

२०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्याच वर्षी केरळने 'केराव्हॅन केरळ' आणलं. कॅराव्हॅन कुठे उभ्या राहतील, पर्यटक कुठे उतरतील, याचा विचार झाला. त्या बांधणार कोण, हा विचार कारखान्याच्या दारापलीकडे गेला नाही. पर्यटन आमच्या गावात आणायचं आणि त्या पर्यटनाची गाडी मात्र आमच्या हातांनी बनवायची नाही, हा कुठला स्थानिक रोजगार?

आता आपल्या घरात बघू

इथवर वाचून माझे मुस्लिम वाचक खूश झाले असतील. थांबा. अर्धा लेख तुमच्यासाठी आहे, माझ्यासाठीही.

पासिंगच्या टेबलावर साहेबांनी विचारलं, "ड्रॉइंग आहे का?" नव्हतं. मामूंच्या डोक्यात होतं, खडूने जमिनीवर होतं, कागदावर नव्हतं. "वेल्डर प्रमाणित आहे का?" नाही. "बिल?" एका डायरीचं पान. "ग्राहकाशी करार?" जबान. जबान मोठी गोष्ट आहे, पण ती फिरली तेव्हा मामूंच्या हातात काहीच उरलं नाही. हे सगळं सरकारने हिरावून नेलं नव्हतं. ते आम्ही कधी केलंच नव्हतं.

सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवलं होतं, की मुसलमानांचा मोठा हिस्सा स्वयंरोजगारात आहे, आणि शाळा सोडण्याचं प्रमाण काळजी करण्यासारखं आहे. या दोन गोष्टी वेगवेगळ्या नाहीत. "हाताला काम आहे, पुस्तक कशाला?" असं म्हणत आपण दहा-बारा वर्षांच्या पोराला 'छोटू' करून पान्याच्या मागे पळवतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे, हे माहीत असूनही. त्याच्या डोळ्यावर वेल्डिंगचा चष्मा नसतो. तो पंचवीस वर्षांचा होतो तेव्हा उत्तम कारागीर असतो आणि अर्ज भरायला दुसऱ्याकडे जातो. मग आपण जलशात भाषण करतो, की आमच्या हुनरची कदर नाही.

जुम्याच्या बयानात मेहनतीची थोरवी आपण ऐकतोच. दाऊद अलैहिस्सलामांसाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख कुरआनात आहे. पण तिथेच कड्या मापाने जोडायची ताकीदही आहे, ती कोण सांगतं? माप म्हणजे आजच्या भाषेत ड्रॉइंग, काट्याची पावती, वायरिंगचा आराखडा. लोखंड आपण घेतलं, माप सोडलं. मामूंनी माप धरलं होतं, पण ते दुसऱ्याला वाचता येईल असं लिहिलं नाही. आणि लिहिलेलं नसलं, की जगाला ते जुगाडच वाटतं. हे मान्य करायला मला त्रास होतो, तरी ते खरं आहे.

आपल्या संस्था काय करतात? शादीखाने बांधतात. एका शादीखान्याच्या खर्चात संध्याकाळचा वर्ग चालेल, जिथे डेंटर ड्रॉइंग वाचायला शिकेल, वेल्डर परीक्षा देईल, मुनीम नसलेला मालक बिल करायला शिकेल. शेजारच्या आयटीआयचा शिक्षक संध्याकाळी दोन तास यायला तयार होईल. आपण विचारलंय का कधी?

मागणी काय आहे

तक्रार करून थांबणं हा आपला जुना रोग आहे, म्हणून साध्या शब्दांत मागणी लिहितो.

एक, खासगी वापराच्या एकेका गाडीसाठी स्वतंत्र तपासणीचा मार्ग हवा. नमुन्याची नाही, त्या एका गाडीची. दोन्ही धुऱ्यांवरचा भार, चालू गाडीत मागे माणूस न बसण्याची अट, झोपणाऱ्यासाठी दुसरी वाट, गॅस आणि पेट्रोल वेगळं, वायरिंगला फ्यूज, वजन बांधायचे हुक किती ताकदीचे. एवढ्या गोष्टी एका पानावर, मराठीत. तपासायला संस्था आहेतच. फी घ्या, चुकीचं असेल तर नापास करा. पण बघून नापास करा.

दोन, लहान बॉडी बिल्डरांची नोंदणी. सीएनजी बसवणाऱ्यांना जसा अधिकार दिला, तसा प्रशिक्षण आणि परीक्षेनंतर यांनाही द्या. आणि त्यांच्या चुकीला त्यांनाच जबाबदार धरा.

तीन, जे राज्य कॅराव्हॅनला प्रोत्साहन देतं, त्याने केंद्राकडे या बदलाचा आग्रह धरावा.

ग्राहकांसाठी एक मागणी. स्वस्तात हवं म्हणून वर्कशॉपमध्ये येता, तर कायद्याचा धोका कारागिराच्या गळ्यात टाकून जाऊ नका. काम सुरू करण्याआधी पासिंगचं काय, हे दोघांनी मिळून विचारा, लिहून ठेवा.

आणि आपल्यासाठी, भावांनो, मागणी नाही, कर्ज आहे. पोराला शाळेत ठेवा. जे काम कराल त्याचा कागद करा.

मागच्या आठवड्यात मी एक वही आणि मोजपट्टी घेऊन मामूंकडे गेलो. त्या ट्रकमध्ये बसून आम्ही एकेक माप लिहिलं. फळीची उंची, रॅम्पची लांबी, झरोक्यांची जागा, यू-बोल्टचे आकार, काट्याच्या तीन पावत्या. मुलगाही येऊन बसला, आराखडा त्यानेच काढला. तीन दिवस लागले. मामूंनी शेवटच्या पानावर सही केली आणि विचारलं, "ये कागद किसकू देना?"

मला उत्तर देता आलं नाही. हा कागद घ्यायला कोणाचं तरी टेबल असलं पाहिजे, एवढंच मला म्हणायचं आहे.